नव्या जोडीदारासाठी छोटे पिस्तूल: एका समजुतीचा खुलासा

नेमबाजीचा छंद असलेली व्यक्ती आपल्या नव्या जोडीदाराला प्रथमच रेंजवर नेते, तेव्हा ‘हात नवखा आहे, म्हणून छोटे आणि हलके पिस्तूल द्यावे’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

गोळी पुढे जाताना तिचा आणि वायूंचा जितका संवेग (वस्तुमान गुणिले वेग) असतो, तितकाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. त्यामुळे काडतूस तेच असेल, तर बंदूक जितकी हलकी तितक्या वेगाने ती हातावर आदळते. शिवाय आखूड नळीमुळे आवाज आणि वायूंचा झोत नेमबाजाच्या अधिक जवळ येतात, आणि दोन साईटमधले (नेम धरण्यासाठी नळीवर असलेल्या पुढच्या-मागच्या खुणांमधले) अंतर कमी असल्याने नेमातील किंचित चूकही लक्ष्यावर मोठी दिसते. छोटे पिस्तूल हे खरे तर सरावलेल्या हाताचे काम आहे.

पहिल्या दिवशी पॉइंट २२ ची (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल द्यावी. तिची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, तर ९ मिमी पिस्तुलाची सुमारे ७.५ ग्रॅमची असते. त्यात रायफलचे वजन आणि खांद्याचा आधार यांमुळे धक्का जवळजवळ जाणवत नाही. कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण मात्र पॉइंट २२ लाही अनिवार्य आहे. सुरुवातीला एकच काडतूस भरावे. मोठ्या धक्क्याने दचकून चाप ओढण्याआधीच डोळे मिटण्याची सवय एकदा जडली की ती सोडवणे फार कठीण जाते, म्हणून गंमत म्हणून जोरदार धक्क्याची बंदूक हाती देणे मला अक्षम्य वाटते. जोडीदाराने थांबू म्हटले, तर तिथेच थांबावे.