खोकडामागे कुत्रे सोडावेत की नाही? ब्रिटनचा वाद आणि त्यातलं सायन्स

इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या मदतीने रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करायला बंदी आहे, १८ फेब्रुवारी २००५ पासून. स्कॉटलंडने त्याच्याही आधी २००२ मध्ये कायदा केला होता आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक केला, उत्तर आयर्लंडमध्ये मात्र आजही अशी बंदी नाही. म्हणजे एवढासा देश, तीन तऱ्हा, आणि भांडण अजून मिटलेलं नाहीच. आपल्याकडे ही बातमी आली तर लाल कोटवाले, घोडे, तुताऱ्या, एका बाजूला जमीनदार लोक आणि दुसऱ्या बाजूला प्राणीप्रेमी असं चित्र येतं, आणि ते अगदीच खोटं आहे असंही नाही. पण दोन्ही पार्ट्या ठासून सांगतात की सायन्स आमच्या बाजूने आहे, आणि मला मजा वाटते ती याची.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. सगळ्यात जास्त आरडाओरडा खोकडावरून झाला, पण खोकडाला नक्की किती त्रास होतो याचा पुरावा सगळ्यात पातळ आहे. भक्कम पुरावा आहे तो हरणाचा, आणि हरणाबद्दल फार कोणी बोलतच नाही.

आधी खोकडाची संख्या बघू, कारण शिकारवाल्यांचा पहिला मुद्दा तोच असायचा की बाबांनो आम्ही नसतो तर खोकडं माजली असती, कोंबड्या आणि कोकरं राहिली नसती. इथे खोकड म्हणजे त्यांचं लाल खोकड, आपल्या माळरानावरच्या खोकडाच्याच नात्यातलं पण अंगाने मोठं (कोल्हा वेगळा, तो पुढे येईल). बंदीच्या आधी सरकारने लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली होती, तिचा रिपोर्ट जून २००० मध्ये आला. त्यातला आकडा असा की घोडेवाल्या टोळ्या वर्षाला साधारण २१ ते २५ हजार खोकडं मारतात. आकडा मोठा वाटतो ना? पण देशात तेव्हा प्रौढ खोकडं होती दोन लाखांच्या वर आणि दरवर्षी पिल्लं जन्मायची चार लाखांच्या वर. आता संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहत असेल तर जेवढी जन्मतात तेवढी कशाने ना कशाने मरतच असणार, गाडीखाली, बंदुकीने, फाशात, रोगाने, उपासमारीने. त्या चार लाखांत कुत्र्यांचा वाटा वीस-पंचवीस हजार. शेकड्यातले पाच-सहा.

शिवाय खोकडाचा स्वभाव असा की एक जागा रिकामी झाली की शेजारचं नाहीतर भटकं खोकड येऊन तिथे बसतं, आणि एका टापूतल्या सगळ्या माद्या दरवर्षी वितातच असंही नाही, काही जणी नुसत्या थोरलीची पिल्लं सांभाळत बसतात. वरची मादी मेली की यातली एखादी पुढच्या वर्षी विते. त्यामुळे मारलं की कमी झालं हा हिशोब इथे सरळ चालत नाही.

मग २००१ मध्ये एक भारी गोष्ट घडली, म्हणजे शेतकऱ्यांसाठी भयंकरच, पण संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, लाखो जनावरं मारावी लागली, आणि रोग पसरू नये म्हणून फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत देशभर कुत्र्यांची शिकार बंद ठेवली. ठरवून असा प्रयोग करायला कुणी परवानगी दिली नसती. ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी काय केलं, तर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे १६० चौकोन निवडले आणि शिकारबंदीच्या आधी आणि नंतर तिथली खोकडाची विष्ठा मोजली. हो, लेंड्या. रात्री हिंडणारा, लपणारा प्राणी, त्याची शिरगणती कोण करणार, त्यापेक्षा बांधाबांधाने चालत लेंड्या मोजलेल्या बऱ्या. निष्कर्ष २००२ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नामांकित नियतकालिकात छापून आला: जवळजवळ वर्षभर शिकार बंद होती आणि खोकडं वाढल्याचं काही दिसलं नाही.

यावर पुढच्याच वर्षी नेचरमध्येच दुसऱ्या बाजूच्या संशोधकांनी उत्तर दिलं की एवढ्या सँपलमध्ये छोटा फरक पकडता येणारच नाही, फरक दिसला नाही म्हणजे फरक नव्हता असं नाही. हा आक्षेप मला रास्त वाटतो, विज्ञानात हे नेहमी विसरलं जातं. आणि सगळीकडे एकच नियम लावूनही चालत नाही, मध्य वेल्सच्या डोंगराळ मेंढीच्या मुलुखात, जिथे कुत्रे खोकडाला जंगलातून बाहेर काढतात आणि बंदूकवाले टिपतात, तिथे संख्येवर परिणाम होत होता असा पुरावा आहे. पण लाल कोट घालून घोड्यावरून? तिथे पेस्ट कंट्रोल हे कारण मला तरी ओढूनताणून आणलेलंच वाटतं. याच मंडळींचे पूर्वज खोकडांना राहायला मुद्दाम बिळं बांधून द्यायचे, आणि एकोणिसाव्या शतकात शिकारीला खोकडं कमी पडायला लागली तेव्हा युरोपातून आणलेली जिवंत खोकडं लंडनच्या लेडनहॉल मार्केटमध्ये विकली जायची! उपद्रवी प्राण्याची अशी आयात कोण करतं?

आणि २००५ च्या बंदीनंतर काय झालं? माजली का? ब्रिटनमध्ये पक्षी मोजणारे हजारो हौशी लोक आहेत, ते दरवर्षी ठरलेल्या पट्ट्यात फिरताना दिसलेले सस्तन प्राणीही लिहून ठेवतात. त्या नोंदींप्रमाणे नव्वदीच्या दशकापासून खोकडं चांगलीच कमी झालीत, वाढणं सोडाच. सशांची संख्या घसरली, खायला कमी, हे त्याचं एक कारण असावं असा अंदाज आहे.

आता हरणाकडे येतो. इंग्लंडच्या नैऋत्येला एक्समूर आणि क्वांटॉकचे डोंगर आहेत, तिथे रेड डिअर नावाचं मोठं हरीण आहे, साधारण आपल्या सांबराच्या अंगाचं. त्याच्यामागे हाउंड, म्हणजे शिकारी कुत्रे, सोडायचे. इथे कुत्रे हरणाला फाडत नाहीत हे लक्षात घ्या. ते फक्त पळवतात, वासावरून माग काढत तासन् तास, आणि हरीण थकून एखाद्या ओढ्यात नाहीतर झुडपाला पाठ लावून उभं राहिलं की माणूस जवळ जाऊन गोळी घालतो. म्हणजे शेवट तसा झटपट होतो, प्रश्न आहे तो आधीच्या पाठलागाचा.

तिथली बरीच जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेची. त्यांनी केंब्रिजचे प्राणीवर्तन शास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांना सांगितलं की तपासा काय ते. बेटसन आणि एलिझाबेथ ब्रॅडशॉ यांनी शिकार झालेल्या हरणांच्या रक्ताचे आणि स्नायूंचे नमुने घेतले, आणि तुलनेला अशी हरणं घेतली जी पाठलाग न होता रायफलच्या गोळीने एका झटक्यात मेली होती. पाठलाग सरासरी तीनेक तास चालायचा, अंतर १९ किलोमीटरच्या आसपास.

सापडलं काय तर स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे पळायला लागणाऱ्या साखरेचा साठा, लांब पाठलागानंतर जवळजवळ संपलेला. स्नायूंच्या पेशी फुटून आतली एन्झाइम्स रक्तात उतरलेली. लाल पेशी फुटलेल्या, आणि तेही पाठलागाच्या सुरुवातीसुरुवातीलाच. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, प्रचंड वाढलेलं. बेटसन यांचं म्हणणं असं पडलं की हे हरीण मुळात थोडं अंतर जोरात पळून सुटणारं आहे, मॅरेथॉन पळायला ते बनलेलंच नाही, आणि हाउंड मात्र माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून नेमके दमासाठी पैदा केलेत. लांडगा पाठलागात जमत नाही म्हटलं की बहुतेक वेळा सोडून देतो, हाउंडला मात्र मागे माणूस असतो. १९९७ मध्ये हा अहवाल आला आणि ट्रस्टने लगेच आपल्या जमिनीवर हरणाची ही शिकार बंद केली. लगेच म्हणजे अक्षरशः दुसऱ्या दिवशी.

शिकारवाले गप्प बसणार नव्हतेच, त्यांनी आपल्या पैशाने दुसऱ्या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांकडून वेगळा अभ्यास करून घेतला. आता तुम्हाला वाटेल त्यांचे आकडे उलटे आले असणार, तर तसं झालं नाही. साखर संपते, कॉर्टिसॉल चढतं, हे त्यांनाही सापडलं. भांडण झालं ते अर्थावर. ते म्हणाले शर्यतीतल्या घोड्याचं आणि धावणाऱ्या माणसाचं रक्त तपासा, तिथेही स्नायूंची एन्झाइम्स वाढलेलीच दिसतात, कॉर्टिसॉल तर माणसाने नुसता व्यायाम केला तरी वाढतं, मग याला यातना कसं म्हणायचं? खरा त्रास असेल तर तो शेवटच्या टप्प्यात. मुद्दा अगदी टाकाऊ नाही. पण धावपटू दमला की थांबतो हो, आणि हरीण थांबलं की गोळी बसते, हा फरक रक्ताच्या रिपोर्टमध्ये कसा दिसणार? पुढे बर्न्स समितीसाठी बेटसन आणि त्या दुसऱ्या टीमचे रॉजर हॅरिस या दोघांनी एकत्र बसून रिपोर्ट लिहिला, ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. कुठे पटतं कुठे पटत नाही ते दोघांनी मिळून लिहून दिलं. आपल्याकडे एखाद्या धरणाच्या नाहीतर खाणीच्या वादात दोन बाजूंच्या तज्ज्ञांनी एका कागदावर सह्या केल्यात असं फारसं ऐकायला मिळत नाही.

खोकडाच्या बाबतीत असं रक्त मिळणं अवघड, कारण पकडल्यावर हाउंडची टोळी जे करते त्यानंतर नीट नमुना घेण्यासारखं फार उरत नाही. शिकारवाल्यांचा दावा असायचा की पुढचा कुत्रा मान धरून झटका देतो, क्षणात खेळ खल्लास. शवविच्छेदन झालं ते मोजक्याच खोकडांचं आणि त्यात मानेचा सिद्धांत काही सरसकट टिकला नाही, एका खोकडाच्या शरीरात आतून भरपूर जखमा होत्या पण मान शाबूत. बर्न्स समितीने फार जपून लिहिलं: ठोस शास्त्रीय पुरावा कमी आहे, पकडल्यावर बहुतेक वेळा काही सेकंदांत शुद्ध जाऊन मरण येत असावं, तरीही जवळून पाठलाग होणं, पकडलं जाणं आणि मारलं जाणं यात खोकडाच्या स्वास्थ्याला गंभीर बाधा येते. 'क्रूर' हा शब्द त्यांनी वापरला नाही. मग काय, दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं अर्धं वाक्य उचललं.

त्याच समितीने असंही म्हटलं होतं की खोकड मारायची कुठलीच कायदेशीर पद्धत निर्दोष नाही. कुत्रे बंद केले तर शेतकरी बंदूक काढणार, आणि बंदूक म्हणजे जखमी होऊन पळालेलं खोकड कुठेतरी झुडपात दिवसचे दिवस मरत पडणार. हे मोजायला एका अभ्यासात शिकाऱ्यांना खोकडाच्या आकाराच्या चित्रांवर गोळ्या झाडायला लावल्या (या संशोधकाचं आडनाव खरोखरच फॉक्स, मी नाही ठेवलं), तर छऱ्याच्या बंदुकीने जखमी होण्याचं प्रमाण बरंच आलं. टीकाकार म्हणाले की कागदी खोकडावर कुणीही कितीही लांबून गोळी झाडेल, खऱ्यावर अनुभवी माणूस तसं करत नाही. माझं म्हणाल तर, चांगला रायफलवाला, रात्री प्रखर दिवा, जवळचं अंतर असेल तर बंदूक कुत्र्यांपेक्षा बरी, आणि शिकाऊ माणसाच्या हातात छऱ्याची बंदूक असेल तर मला काही ठामपणे सांगता येणार नाही.

आपला संबंध काय याच्याशी? आहे थोडा. इंग्रज साहेबाने ही हौस हिंदुस्थानात पण आणली, उटीला हाउंड पाळले आणि लाल खोकड नाही म्हणून कोल्ह्यामागे सोडले. आपले शिकारी कुत्रे मात्र वेगळ्या जातकुळीचे. मुधोळ हाउंड, ज्याला आपल्याकडे कारवान पण म्हणतात, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने नावारूपाला आणलेला, तो वासावर नाही तर नजरेवर शिकार करतो. लांब पाय, खोल छाती, ससा दिसला की सुटला बाणासारखा, आणि निकाल थोडक्यात लागतो, तासन् तास नाही. तरी आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत असं कुत्रे सोडून पाठलाग करणंसुद्धा येतं. आपल्याकडे कायद्याने ब्रिटनच्या आधी तीन दशकं हा विषय संपवला, रानात संपला का ते सोडा.

ब्रिटनचा कायदा मात्र नुसती गंमत आहे. लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, अडवला म्हणून खालच्या सभागृहाला वरच्याला डावलू देणारा पार्लमेंट अ‍ॅक्ट वापरून डोक्यावरून पास केला, आणि पळवाटा इतक्या की बोलायची सोय नाही. दोन कुत्र्यांनी खोकड बाहेर काढून गोळी घातली तर ठराविक अटींवर चालतं. शिकारी पक्ष्याने मारण्यासाठी उठवलं तर चालतं, म्हणून काही टोळ्या चक्क मोठं घुबड सोबत घेऊन फिरायला लागल्या. उंदीर आणि ससे मालकाच्या परवानगीने कितीही कुत्र्यांनी मारा, जणू उंदराला कॉर्टिसॉल नसतंच.

पण खरी पळवाट ट्रेल हंटिंग. माणूस आधी खोकडाच्या वासाचं, बऱ्याचदा मुताचं, फडकं ओढत जातो आणि मागून हाउंड त्या मागावर सुटतात. जिवंत खोकड नाही, सगळं कायदेशीर. आता कुत्र्याच्या नाकाला कायदा कळत नाही, खोकडाच्या वासावर तयार केलेला हाउंड खोकडांच्याच मुलुखात सोडला आणि वाटेत ताजा माग लागला तर तो फडक्याचा वास सोडून तिकडेच जाणार, याला अपघात म्हणायचं म्हणजे अती झालं. नॅशनल ट्रस्टने २०२१ मध्ये आपल्या जमिनीवर ट्रेल हंटिंगला परवाने देणं थांबवलं, स्कॉटलंडने २०२३ च्या कायद्यात ते बंदच केलं, आणि लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात इंग्लंड-वेल्ससाठी तेच आश्वासन दिलं. ज्यांना खरोखर फक्त घोडा, कुत्रे आणि दौड हवी आहे त्यांच्यासाठी ड्रॅग हंटिंग किती वर्षांपासून आहेच, त्यात बडीशेपेसारखा कसलातरी वास लावतात, माग ओढतानाच खोकडाच्या जागा टाळतात आणि कुत्र्यांना खोकडाचा वास शिकवतच नाहीत.