भट्टी विझली, धग उरली

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून उशिरा झोपलो होतो, कानामागचा गुलालही धुतला नव्हता. पहाटे चारला चार मिनिटं असताना सोलापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी खडखडू लागली. आजी मांजराला शिव्या देत उठली. किल्लारीच्या भूकंपाचं कळलं ते नंतर. आजही कोकणातल्या जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘तिथं जमीन हलली तर बॉम्बच फुटेल!’

बॉम्ब फुटत नाही. अणुभट्टीतलं युरेनियम तेवढं समृद्ध नसतंच, म्हणजे त्यात सहज दुभंगणाऱ्या अणूंचं प्रमाण बॉम्बपेक्षा फार कमी असतं. ११ मार्च २०११ ला जपानला ९ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातल्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्यांत न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्या लगेच आत गेल्या आणि विखंडन, म्हणजे अणू दुभंगण्याची साखळी, थांबलं. घात केला तो उरलेल्या धगीने.

युरेनियमचा अणू दुभंगला की त्याचे बहुतेक तुकडे अस्थिर असतात. ते बीटा, गॅमा किरण सोडत राहतात, तापत राहतात. हा निखारा पाण्याने विझत नाही, फक्त वितळायचा थांबतो. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीची उष्णताशक्ती १३८० मेगावॉट. बंद होताक्षणी त्यातली सहा-साडेसहा टक्के उरते, तासाभराने साधारण दीड टक्का. दीड टक्का म्हणजे २० मेगावॉट! एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला २२.६ लाख ज्यूल लागतात. भागाकार करा, सेकंदाला जवळपास नऊ लिटर. दर दोन सेकंदांना एक बादली. दुसऱ्या दिवशीही सातेक मेगावॉट शिल्लक असतातच.

भूकंपाने बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. पन्नासेक मिनिटांनी चौदा-पंधरा मीटरची लाट आली आणि तळघरांतले जनरेटर बुडाले. थंड पाणी फिरवणारे पंप थांबले, भट्टीतलं पाणी आटलं, इंधनावरचं झिरकोनियम धातूचं आवरण वाफेशी भिडलं, हायड्रोजन तयार झाला. टीव्हीवर इमारतींची छपरं उडताना दिसली ती त्याच्या स्फोटाने. भूकंपकेंद्राला अधिक जवळचं ओनागावा केंद्र मात्र उंचावर होतं, ते सुखरूप बंद झालं.

‘अमुक तारखेला महाभूकंप’ असले मेसेज मी न वाचता पुसतो. रिश्टरच्या आकड्यावरची भांडणंही मला अपुरी वाटतात. जैतापूर प्रकल्पाची जागा असलेला माडबनचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उंच आहे, मान्य. पण २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पक्कम अणुवीज केंद्रात पाणी शिरलं ते समुद्राचं पाणी उपसणाऱ्या पंपघरात. भट्टी सुरक्षित बंद झाली, थंडही राहिली. जैतापूरच्या आराखड्यात मी आधी तेच शोधेन: पंप किती उंचीवर, आणि वीज गेली तर ते कशावर चालणार?