फिल्म न्वारमधील स्मृतिलोप

अमेरिकी गुन्हेपटांच्या ‘फिल्म न्वार’ प्रवाहात, विशेषतः १९४० च्या दशकात, पुन्हा पुन्हा आलेले कथासूत्र. नायकाला स्वतःचे नाव किंवा मधला काही काळ आठवत नाही. तो माग काढत निघतो आणि एखाद्या खुनापाशी येऊन पोचतो. ‘मी कोण?’ या प्रश्नापेक्षा ‘मी काय करून बसलोय?’ ही धास्ती इथे मोठी.

या सूत्राला अमेरिकी रहस्यकथाकार कॉर्नेल वूलरिचच्या कथांनी बरेच खाद्य पुरवले. त्याच्या ‘द ब्लॅक कर्टन’ (१९४१) कादंबरीवरून ‘स्ट्रीट ऑफ चान्स’ (१९४२) निघाला. डोक्यावर इमारतीचा मलबा कोसळतो. नायक शुद्धीवर येतो तर जवळच्या सिगारेट केसवर भलतीच आद्याक्षरे. घरी जावे तर बायको केव्हाच दुसरीकडे राहायला गेलेली. मधल्या काळात तो वेगळ्याच नावाने जगत होता आणि त्या नावावर खुनाचा आळ आहे.

दुसऱ्या महायुद्धाने याला खरी धार आणली. जोसेफ एल. मँकीविचच्या ‘समव्हेअर इन द नाइट’मध्ये (१९४६) जखमी सैनिक जॉर्ज टेलर इस्पितळात जागा होतो. पाकिटात एका स्त्रीचे पत्र सापडते, त्यात त्याच्याबद्दल नुसता तिरस्कार भरलेला. आपल्याला काही आठवत नाही हे तो लष्करापासूनही दडवतो आणि लॉस एंजेलिसमध्ये लॅरी क्रॅव्हॅट नावाच्या इसमाचा शोध घेत फिरतो. अखेर कळते की क्रॅव्हॅट तो स्वतःच. कथानकात गुंते फार आहेत, पण त्या पत्राची बोच शेवटपर्यंत जात नाही.

वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर यातले थोडेच टिकते. डोक्याला मार बसल्यावर सहसा दुखापतीच्या आगेमागेचा काळ पुसला जातो किंवा नव्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. स्वतःची ओळखच विसरणे दुर्मीळ. ते बहुधा मानसिक आघाताशी निगडित असते. हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मध्ये (१९४५) मेजपोशावर काट्याने ओढलेल्या रेघा पाहून नायक बिथरतो आणि मनोविश्लेषणाने सगळा उलगडा होतो, तो जरा जास्तच सुबक. त्या मानाने ‘द क्रुकेड वे’ (१९४९) प्रामाणिक: मेंदूत बॉम्बचा तुकडा अडकलेल्या, शौर्यपदक मिळवलेल्या एडी राइसची स्मृती परत येत नाही. आपण पूर्वी गुंड होतो हे त्याला लोकांकडूनच ऐकावे लागते. जॉन ऑल्टनच्या छायाचित्रणात त्याचा चेहरा वरचेवर अंधारात बुडतो.

‘द ब्लू डाहलिया’च्या (१९४६) पटकथेत रेमंड चँडलरला याहून कडवट शेवट हवा होता. डोक्यात धातूची पट्टी बसवलेला माजी नौसैनिक बझ खून करतो आणि विसरून जातो, अशी त्याची योजना. नौदलाने हरकत घेतली. मग खुनी म्हणून एक म्हातारा हॉटेल डिटेक्टिव्ह पुढे करावा लागला.