उघड्यावरील समारंभांतील कीटकदंश-संरक्षण (बेळगाव सीमाभाग)

जत्रा, मिरवणूक, मांडवातले लग्न, रानातले वनभोजन, रात्रभर चालणारे भजन किंवा गावाबाहेरच्या माळावर भरणारे साहित्य संमेलन अशा छपराबाहेरच्या प्रसंगी जमलेल्या लोकांना डास, गोमाश्या, गोचीड, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या उपद्रवापासून वाचवण्यासाठी करावयाच्या तजविजीला येथे कीटकदंश-संरक्षण म्हटले आहे. काटेकोरपणे पाहता गोचीड हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि त्याचे नाते कोळी-विंचवांशी आहे. समारंभाला आलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र हा भेद गौण असून महत्त्वाचा भेद चावा आणि डंख यांमधला आहे. रक्तासाठी चावणारा जीव माणसाला हुडकत येतो, तर नांगी मारणारा जीव माणूस त्याच्या घराशी गेल्यावर किंवा त्याचे घर हादरल्यावर चिडतो. चावणाऱ्याला अंग झाकून आणि औषध लावून दूर ठेवता येते; नांगी मारणाऱ्यापासून बचाव करायचा तर तो जागा निवडतानाच करावा लागतो.

बेळगाव जिल्हा आणि त्याला लागून असलेले उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ व जोयडा हे तालुके, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांची वस्ती असलेला हा पट्टा, थोड्याच अंतरात इतका पालटतो की एकच सल्ला सगळीकडे लागू पडत नाही. पश्चिमेस खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी, तसेच जांबोटी व लोंढा हा सह्याद्रीतील दाट जंगलाचा आणि मुसळधार पावसाचा भाग आहे. मध्ये बेळगाव शहर आणि भोवतालची भातशेतीची गावे आहेत. उत्तरेस निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांच्या काठचा उसाचा पट्टा आहे. आणि अथणी, सौंदत्तीकडे कमी पावसाचा उघडा माळ आहे. सणसमारंभांचे पंचांगही याच भूगोलावर पडते. भाद्रपदातला गणेशोत्सव डासांच्या ऐन हंगामात येतो, एळ्ळ अमावास्येला शेतात जाऊन जेवण्याचा प्रघात आणि यल्लम्मा व मायाक्का यांच्या जत्रा थंडीत येतात, तर वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक उन्हाळ्याच्या रात्री निघते.

डासांत चावते ती फक्त मादी, कारण अंडी धरण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामातील लॅक्टिक आम्ल आणि गडद रंगाचे कपडे यांच्या आधाराने ती माणसाला गाठते. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारी एडिस जात दिवसा चावते, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या दोन-तीन तासांत; हिवतापाचा अ‍ॅनोफेलिस आणि हत्तीरोगाचा क्युलेक्स मात्र अंधार पडल्यावर बाहेर पडतात. ‘डास संध्याकाळनंतरच चावतात’ ही सर्वसाधारण समजूत म्हणूनच अपुरी आहे, आणि २००६ साली चिकुनगुन्याची साथ कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत पसरली तेव्हा तिचा खोटेपणा सांधे धरलेल्या अनेक घरांनी अनुभवला. दुपारी चारला सुरू होणाऱ्या कार्यक्रमाला लहान मुलांना अर्ध्या चड्डीत नेऊन आठ वाजता त्यांच्या पायांना मलम फासणे हा उलटा क्रम होय.

एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस पुरतात. एडिसची अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकून राहतात आणि पाणी मिळताच उबतात. दहा-अकरा दिवस चालणाऱ्या गणेशोत्सवाचा मांडव आधी पंधरवडाभर उभा राहत असेल, तर तो स्वतःच डासांची एक पिढी पोसू शकतो. ताडपत्रीच्या खोळींत साठलेले पाणी, मांडवासाठी रोवलेल्या बांबूंची वरून उघडी राहिलेली पोकळ तोंडे, पाण्याची झाकण नसलेली बॅरले, नारळाच्या करवंट्या, प्रसादाचे द्रोण आणि चहाचे फेकलेले कप ही त्याची ठरलेली ठिकाणे आहेत. बांबूच्या तोंडात वाळू किंवा माती भरणे, ताडपत्री उतरती ताणणे आणि आठवड्यातून एकदा बॅरले पूर्ण रिकामी करून घासणे ही कामे खर्चाची नाहीत. ती विसरली जातात इतकेच. कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या खानापूरसारख्या ठिकाणी अंगणात रचलेली फुटकी मडकी आणि कौले यांचाही याच यादीत समावेश करावा लागतो. बेळगावला १९०५ सालापासून सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा असल्याने मंडळांचे कार्यकर्ते मांडव घालण्यात कसलेले आहेत, आणि या उपायांची खरी जबाबदारी येणाऱ्या भक्ताच्या खिशातील मलमाच्या ट्यूबवर न टाकता मंडळांनीच उचलणे योग्य ठरते. कार्यक्रमाच्या दिवशी होणारी धुराची फवारणी त्या वेळी उडत असलेले डास मारते. पाण्यातील अळ्यांना तिचा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे तिचा प्रभाव थोड्या वेळात ओसरतो.

डास उडण्यात दुबळा असतो. त्यामुळे व्यासपीठावर आणि बैठकीच्या कडेला ठेवलेले मोठे पंखे हा उघड्यावरचा अत्यंत परिणामकारक आणि दुर्लक्षित उपाय आहे: वाऱ्याच्या झोतात डासाला बसता येत नाही आणि श्वासाचा मागही विस्कटतो. पंखे पायांच्या उंचीवर वाहतील असे लावावेत, कारण एडिस बहुधा घोटे आणि पोटऱ्या धरतो. उदबत्तीसारखी जळणारी डासांची कॉइल बंद खोलीत काही अंशी काम करते, पण माळावर तिचा धूर वाऱ्याने निघून जातो आणि जवळ बसलेल्याच्या छातीत मात्र जातो. मनगटाला बांधायचे सुगंधी पट्टे आणि कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रे यांवर पैसे घालवू नयेत.

अंगाला लावायच्या औषधांत डीईईटी, पिकॅरिडिन आणि लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेले तेल ही तीन भरवशाची मानली जातात. डीईईटी १९४६ साली अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार झाले. २० ते ३० टक्के प्रमाणाचे द्रव्य काही तास पुरते आणि प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे नेल्याने फायदा वाढत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाला डीईईटी लावू नये. अशा बाळाला पाळण्यावर जाळी घालून निजवावे. निलगिरीचे वरील तेल तीन वर्षांखालील मुलांना वर्ज्य आहे. मुलांच्या तळहातांना औषध लावू नये, कारण तेच हात डोळ्यांत आणि तोंडात जातात. ऊन लागू नये म्हणून लावायचे मलम आधी आणि कीटकरोधक नंतर, असा क्रम ठेवावा. कडुलिंबाचे, करंजाचे किंवा गवती चहाचे तेल वापरण्याची घरोघरची सवय अगदीच निरर्थक नाही, परंतु त्यांचा परिणाम लवकर उडून जातो आणि रात्रभराच्या मिरवणुकीत ते पुन्हा पुन्हा लावावे लागते. औषधाने आलेला भरवसा कपड्यांनी दुणावतो: फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि मोजे असले की चावायला जागाच थोडी उरते. घट्ट लेगिंग्जमधून डासाची सोंड सहज आत जाते, हे पुष्कळांना उमगत नाही. परमेथ्रिन नावाचे द्रव्य ०.५ टक्के प्रमाणात फक्त कपड्यांवर, बुटांवर आणि तंबूवर मारण्यासाठी असते. ते कातडीला लावायचे नसते.

भातशेतीच्या गावांत, विशेषतः पावसाळ्यात, दिव्याभोवती एक बारीक, लांबट, काळ्या-नारिंगी रंगाचा भुंगेरा जमतो. तो चावत नाही आणि नांगीही मारत नाही, तरीही दुसऱ्या दिवशी मानेवर भाजल्यासारखे पट्टे उठतात आणि लोक ‘काहीतरी चावले’ असे म्हणतात. त्याच्या अंगातील पेडेरिन नावाचे विष तो चिरडला गेल्यावर कातडीला लागते. त्यामुळे अंगावर बसलेला असा किडा थापटू नये. फुंकर घालून किंवा कागदाने उडवावा आणि ती जागा साबणाने धुवावी. मांडवात पांढऱ्या झगझगीत दिव्यांऐवजी पिवळसर प्रकाशाचे दिवे वापरले, आणि तेही जेवणाच्या पंक्तीपासून दूर लावले, तर अशा किड्यांची गर्दी पुष्कळ घटते.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातील वनभोजने आणि पदभ्रमण यांसाठी गोचीड हा अधिक गंभीर विषय आहे. माकडताप म्हणून ओळखला जाणारा क्यासनूर जंगलज्वर १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. तो गोचिडांमार्फत वानर, लाल तोंडाचे माकड आणि माणूस यांना होतो. पुढे २०१५ साली खानापूरला लागून असलेल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्यात तो काजूच्या बागांमध्ये काम करणाऱ्यांना झाला, त्यामुळे सीमाभागालाही तो परका राहिलेला नाही. त्याचा हंगाम सर्वसाधारणपणे डिसेंबर ते मे असा असतो. म्हणजे ज्या महिन्यांत भीमगड अभयारण्याच्या परिसरात आणि जांबोटीच्या बाजूला लोक सहलीला जाऊ लागतात, त्याच महिन्यांत गोचिडाची पिल्ले पाचोळ्यात रक्तासाठी टपून असतात. ती खसखशीच्या दाण्याएवढी असल्याने सहज दिसत नाहीत.

जंगलात पाचोळ्यावर थेट न बसता जाड सतरंजी टाकावी, विजार मोज्यांत खोचावी आणि परतताच गरम पाण्याने अंघोळ करून काखा, जांघा, कानांमागची जागा आणि केसांची मुळे तपासावीत. कपडे कडक उन्हात वाळवावेत किंवा उकळत्या पाण्यात टाकावेत. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘डेपा’ हे कीटकरोधक तेल कर्नाटकाचे आरोग्य खाते माकडतापाच्या भागात जंगलात जाणाऱ्यांना देते. मेलेले वानर दिसल्यास त्याच्या जवळ जाऊ नये, कारण मेलेल्या प्राण्याच्या अंगावरून उतरलेले गोचीड आसपासच पसरतात. वनखात्याला कळवून सहलीची जागा बदलावी. चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने कातडीच्या शक्य तितका जवळ धरून सरळ, संथपणे ओढावा. त्यावर रॉकेल ओतण्याची किंवा पेटती काडी टेकवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत घातक आहे, कारण डिवचलेला गोचीड आपल्या पोटातील द्रव जखमेत ओकण्याची शक्यता असते.

सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्माच्या आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रांत कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या खेड्यांतून येणाऱ्या भाविकांचे बैलगाड्यांचे तळ पडतात. या तळांवर माणसे आणि जनावरे एकाच जागी निजतात, आणि शेणामुतावर वाढणाऱ्या माश्या, बैलांवरचे गोचीड आणि पिसवा गाडीखाली अंथरलेल्या घोंगडीवर सहज येतात. बैलांचा गोठा वाऱ्याच्या खालच्या बाजूला बांधणे, निघण्यापूर्वीच जनावरांना पशुवैद्यांच्या सल्ल्याने गोचीडनाशक औषध लावणे, शेण रोज तळापासून लांब नेऊन टाकणे आणि झोपताना मच्छरदाणी वापरणे एवढ्यावर पुष्कळ भागते. गाडीच्या दांडीला आणि साटीला मच्छरदाणी बांधणारे गाडीवान आजही दिसतात. ती जमिनीपर्यंत सोडून तिच्या कडा अंथरुणाखाली दाबणे तेवढे राहून जाते.

तळावर संध्याकाळी शेणी पेटवून, वर कडुलिंबाचा किंवा निरगुडीचा पाला टाकून केलेली धुरी हा या भागातील सर्वांत जुना उपाय होय. ती काही काळ डास दूर ठेवते, पण हीच धुरी मधमाश्यांच्या बाबतीत अनर्थ ओढवते. आग्या मोहोळ उंच वड-पिंपळांवर, पाण्याच्या टाक्यांखाली, देवळांच्या शिखरांना आणि किल्ल्यांच्या बुरुजांना लटकते, आणि हीच नेमकी समारंभांची ठिकाणे असतात. पेटीत मधमाश्या पाळणारा थंड, थोडक्या धुराने त्यांना शांत करतो. चुलाणाचा ऊष्ण लोट, फटाके आणि ढोल यांनी मात्र आग्या माश्या बिथरतात. जेवणाची चूल मांडण्यापूर्वी एकदा मान वर करून झाडे आणि कमानी पाहणे, मोहोळ असल्यास जागा बदलणे किंवा वनखात्याकडून जाणकार माणूस मागवणे, आणि दगड मारणाऱ्या पोरांना आवरणे ही कार्यक्रमाच्या नियोजनातील पहिली कामे असावीत.

हल्ला झालाच तर हात झाडत उभे न राहता तोंड, नाक आणि डोळे उपरण्याने किंवा पदराने झाकून सरळ पळावे आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. माशी डंख मारताना इशाऱ्याचा गंध सोडते, त्यामुळे एकीच्या मागोमाग इतर माश्या त्याच माणसावर तुटून पडतात. जमिनीवर पडून राहणेही घातक असते. विहिरीत किंवा तलावात उडी मारू नये, कारण माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात आणि बुडण्याचा धोका वेगळाच. मधमाशीची नांगी विषाच्या पिशवीसह कातडीत राहते आणि ती पिशवी काही काळ विष सोडत असते, म्हणून नखाने किंवा बोथट कडेने ती ताबडतोब खरवडून काढावी. पद्धतीपेक्षा तत्परता महत्त्वाची. गांधीलमाशीची नांगी आत राहत नाही, मात्र ती एकापेक्षा अधिक वेळा डंख मारू शकते. डंखावर थंड पाण्याची पट्टी पुरे. चुना, हळद किंवा माती भरून जखम झाकू नये. डंखानंतर श्वास लागणे, ओठ व जीभ सुजणे, अंगभर पित्त उठणे किंवा चक्कर येणे ही तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणे असून तिच्यावर अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपचार आहे. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून जवळच्या रुग्णालयात हलवावे. एकाच वेळी पुष्कळ डंख झालेल्या माणसाला बरे वाटत असले तरी रुग्णालयात ठेवावे, कारण मूत्रपिंडावरील परिणाम उशिरा दिसतो.

समारंभानंतर डेंगीचा ताप साधारण चार ते दहा दिवसांत आणि माकडतापाचा तीन ते आठ दिवसांत येतो. तापाबरोबर तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी असल्यास डॉक्टरांना जत्रेची वा जंगलात गेल्याची तारीख आवर्जून सांगावी, आणि निदान होईपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते.