ट्रॅमाडॉल तेच, यकृत वेगळे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कारखान्यांत यंत्रासमोर उभे राहून उमेदीची वर्षे घालवलेले दोन शेजारी, दोघांचीही कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते आहे आणि दोघांनाही ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची गोळी एकाच मात्रेत मिळाली आहे, असे समजा. एकाला काहीच उतार पडत नाही, दुसरा मात्र गुंगीने आणि मळमळीने हैराण होतो. पहिला नाटक करत नाही आणि दुसरा नाजूक नाही. फरक त्यांच्या यकृतात असू शकतो.

ट्रॅमाडॉल गिळले की यकृतातील सीवायपी२डी६ नावाचे विकर (एन्झाइम) त्याच्या काही भागाचे अशा घटकात रूपांतर करते, जो मज्जारज्जू आणि मेंदूतील ओपिऑइड ग्राहींना (अफूच्या जातीची वेदनाशामके, म्हणजे ओपिऑइड, जिथे चिकटतात त्या जागांना) मूळ औषधापेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. कोडीन या दुसऱ्या ओपिऑइडचेही तसेच आहे, त्याचा थोडा अंश याच विकरामुळे मॉर्फिन बनतो. हे विकर घडवणारे जनुक काहींमध्ये निकामी असते, तर काहींमध्ये त्याच्या जादा प्रती असतात. म्हणून एकाला औषध जेमतेम लागू पडते आणि दुसऱ्याच्या रक्तात त्याचा प्रभावी घटक झपाट्याने चढतो. या भीतीपोटीच अमेरिकेच्या औषध नियामकाने 2017 मध्ये बारा वर्षांखालील मुलांना ही दोन्ही औषधे वेदनेसाठी देण्यास मनाई केली.

मात्र जनुक तपासले की प्रश्न मिटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. नैराश्यासाठी घेतलेले पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन हेच विकर अडवते, त्यामुळे जनुक उत्तम असूनही ट्रॅमाडॉल फिके पडू शकते. शिवाय या जोडीमुळे आकडीचे झटके येण्याचा धोकाही वाढतो. मूत्रपिंड मंदावले असेल तर औषध शरीरात साचते. झोपेत श्वास अडखळणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचा श्वास ओपिऑइडमुळे आणखी मंदावण्याची भीती असते.

माझ्या मते खरा वैयक्तिक विचार त्याही आधी, हे औषध द्यावे की नाही इथेच सुरू होतो. अमेरिकेतील 240 माजी सैनिकांवर वर्षभर चाललेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनाट कंबरदुखी किंवा गुडघ्या-खुब्याचा संधिवात असलेल्यांची हालचाल ओपिऑइडने इतर वेदनाशामकांपेक्षा अधिक सुधारली नाही; दुखणे तर इतर औषधांच्या गटातच किंचित कमी राहिले. त्यामुळे व्यायाम, फिजिओथेरपी आणि साधी औषधे यांनी भागले नाही तरच, ठरावीक मुदतीसाठी ओपिऑइड देऊन पाहणे योग्य. (शेजाऱ्याच्या डबीतली उरलेली गोळी हा प्रयोग नव्हे, 2018 पासून ट्रॅमाडॉल भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते.) त्या मुदतीत ठाणे स्थानकाचा जिना चढणे सोपे झाले का, हे डॉक्टरांनी विचारावे, झाले नसेल तर गोळी एकाएकी न तोडता मात्रा हळूहळू उतरवावी.