बाट घसरला तेव्हा कोणाची वही फाटली?

रुपयाने डॉलरसमोर नवा तळ गाठला की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक, देशाची इज्जत गेली. दुसरी, बरे झाले, आता निर्यात वाढेल. खरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: कर्ज कोणत्या चलनात आहे आणि ते फेडणाऱ्याची कमाई कोणत्या चलनात? या एका प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे १९९७-९८ मध्ये थायलंड, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया गुडघ्यावर आले. त्यानंतर या देशांना केवळ बँकांचे नियम बदलून भागले नाही. दवाखाने, रेशन आणि बेकारभत्ता यांचाही नव्याने विचार करावा लागला.

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपल्या चलनाचा, म्हणजे बाटचा, डॉलरशी बांधलेला दर सोडला. तोवर वर्षानुवर्षे डॉलर साधारण २५ बाटला मिळत होता. दर हलणारच नाही अशी खात्री झाल्यामुळे स्वस्त व्याजाचे डॉलर-कर्ज म्हणजे फुकटचा फायदा वाटू लागला होता. समजा, बँकॉकमधल्या एका बिल्डरने १० लाख डॉलर उचलले, म्हणजे २.५ कोटी बाट. त्यात स्वतःचे १.५ कोटी घालून ४ कोटींची इमारत उभी केली. भाडे बाटमध्येच येणार. आता डॉलर ५० बाटला गेला. इमारत तीच, भाडे तेवढेच, पण कर्ज ५ कोटी. सगळी इमारत पूर्ण किमतीला विकली तरी १ कोटी अंगावर राहतात. कारभारात एकही चूक न करता हा माणूस दिवाळखोर झाला. प्रत्यक्षात जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५५ बाटच्याही वर गेला होता.

त्याच्या बँकेची वही आणखी फसवी होती. बँकेने परदेशातून डॉलर घेतले आणि डॉलरमध्येच पुढे दिले, त्यामुळे तिच्या ताळेबंदात चलनाचा धोका शून्य दिसत होता. धोका नाहीसा झाला नव्हता, तो कर्जदाराच्या वहीत सरकला होता आणि तिथून बुडीत कर्ज होऊन परत आला. भरीला मुदतीचा घोळ. परदेशी कर्ज तीन-सहा महिन्यांचे, इमारतीला लागणार तीन वर्षे. दर मुदतीला कर्ज फिरवून घ्यायचे. धनकोने काही करायची गरजच नसते. त्याने एकदा ‘या वेळी नूतनीकरण नाही’ म्हटले की पुरे.

मग चक्र सुरू होते. दर सुटल्याबरोबर प्रत्येक कर्जदार आणखी महाग होण्याआधी डॉलर घ्यायला धावतो, त्या धावपळीनेच बाट पडतो, आणि पडलेल्या बाटमुळे उरलेलेही धावतात. मध्यवर्ती बँकेने चलन सावरायला व्याजदर वाढवावा, तर देशी कर्ज घेतलेले बुडतात. कमी ठेवावा, तर डॉलरचे कर्जदार बुडतात. निर्यात वाढते हे खरे, पण त्यासाठी कारखान्याला खेळते भांडवल लागते आणि ते देणारी बँकच आडवी झालेली असते.

थायलंडकडे कागदोपत्री ३० अब्ज डॉलरहून जास्त परकीय चलनाची गंगाजळी होती. पण बाट वाचवताना मध्यवर्ती बँकेने २९ अब्जांहून अधिक डॉलर वायद्याने, म्हणजे पुढच्या तारखेला देण्याच्या बोलीने, देऊन टाकले होते. हाताशी उरले होते ३ अब्जांहून कमी.

म्हणून एक भागाकार लक्षात ठेवावा: वर्षभरात फेडायचे परदेशी कर्ज भागिले गंगाजळी. १९९७ च्या मध्याला हे गुणोत्तर कोरियात २ च्या आसपास, इंडोनेशियात १.७, थायलंडमध्ये १.५ होते आणि मलेशियात सुमारे ०.६. एकाच्या वर गेले की पळापळीला जागा तयार झाली. हे दोन्ही आकडे आता प्रसिद्ध होतात आणि कोणालाही ताडून पाहता येतात. भारताला याचा धडा अगदी वेळेवर मिळाला. रुपया भांडवली व्यवहारांसाठी, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जासाठी, तीन वर्षांत खुला करण्याची रिझर्व्ह बँकेच्या तारापोर समितीची शिफारस आली, त्यानंतर जेमतेम महिन्याभरात बाट कोसळला. ते वेळापत्रक बाजूला पडले.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुरुवातीला जुनेच औषध दिले: सरकारी खर्च कापा, अंदाजपत्रक शिलकीत आणा. पण इथे उधळपट्टी सरकारची नव्हतीच, कर्ज खासगी होते. १९९८ मध्ये अटी सैल कराव्या लागल्या. इंडोनेशियात १ नोव्हेंबर १९९७ रोजी १६ बँका एकदम बंद केल्या. हमी फक्त छोट्या ठेवींना होती. पुढचा नंबर कोणाचा हे कळेना, म्हणून लोकांनी धडधाकट बँकांतूनही पैसे काढले. १९९८ मध्ये देशाचे उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी आक्रसले.

तोवर समज असा की आशियात कुटुंब हाच विमा. नोकरी गेली की माणूस गावी जातो. पण सगळ्यांची नोकरी एकाच वेळी गेली तर गावच्या एका ताटात किती जण जेवणार? कोरियाने १९९५ मध्ये सुरू केलेला रोजगार विमा ऑक्टोबर १९९८ पर्यंत छोट्या आस्थापनांपर्यंत नेला आणि २००० पासून किमान उपजीविका हा कायदेशीर हक्क केला. थायलंडने २००१-०२ मध्ये एका भेटीला ३० बाट घेऊन उपचार देणारी सार्वत्रिक योजना आणली. इंडोनेशियाने १९९८ मध्ये गरिबांना स्वस्त तांदूळ द्यायला सुरुवात केली, पण गरिबांच्या याद्या घाईत केलेल्या. अनेक गावांत भांडण नको म्हणून तांदूळ सगळ्यांत सारखा वाटला गेला आणि गरजूच्या पिशवीत ठरल्यापेक्षा कमी पडला. यादी संकटाआधी तयार हवी. संकटात ती करता येत नाही.

शेजाऱ्यांनी एकमेकांना डॉलर देण्याचा करार मे २००० मध्ये थायलंडमधल्या च्यांग माई इथे केला. आज ती सोय २४० अब्ज डॉलरची आहे आणि अजून एकदाही वापरलेली नाही. कारण अटींत आहे. सुरुवातीला देशाच्या वाट्यातली फक्त १० टक्के रक्कम नाणेनिधीच्या कार्यक्रमाविना मिळे. २०२१ पासून ती ४० टक्के आहे. २००८ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. त्या वर्षी डॉलरची टंचाई झाल्यावर कोरियाने या सोयीकडे न वळता अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेशी, फेडरल रिझर्व्हशी, ३० अब्ज डॉलरची चलन-अदलाबदल केली.

१९९७-९८ नंतर कंपन्यांना कर्ज द्यायला घाबरलेल्या कोरियन बँका आणि कार्ड कंपन्या घराघरांकडे वळल्या. खप वाढावा म्हणून सरकारने कार्डाने केलेल्या खर्चावर करसवलत दिली. २००३ मध्ये लाखो कोरियन कार्डांची थकबाकी फेडू शकले नाहीत. त्या कर्जात एकही डॉलर नव्हता.