हाक कुठून आली?

इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, साडेदहाला भुट्ट्याच्या किसाच्या कढईपाशी उभ्या असलेल्या बाबांना मी हाक मारली. मी त्यांच्या उजव्या हाताला, जेमतेम चार पावलांवर होते. हाक त्यांना ऐकू आली. त्यांनी ‘ओ’ दिली, डावीकडे पाहिलं, मग मागे वळले, मग पुन्हा डावीकडे. शेवटी मीच जाऊन खांद्याला हात लावला.

बाबांचा उजवा कान नवव्या वर्षी गालगुंडांत गेला. तेव्हा आजोबांना एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, “दुसरा कान उत्तम आहे, काही अडणार नाही.” आमच्या रामबागेतल्या घरात हे वाक्य इतकं मुरलं की पुढे कुणी चौकशीच केली नाही. पण अडतं. रोज अडतं, आणि का अडतं ते समजून घेण्यासारखं आहे.

डोळ्याच्या पडद्यावर समोरच्या दृश्याचं चित्रच उमटतं. डावीकडची वस्तू कुठे आणि उजवीकडची कुठे, हे त्या चित्रातच असतं. कानात असं चित्र उमटत नाही. आतल्या शंखासारख्या नळीत आवाजाची वाटणी होते ती उंच-खालच्या स्वरांप्रमाणे. आवाज कुठून आला, याची नोंद तिथे कुठेच नसते. ती दिशा मेंदूला दोन कानांतल्या फरकावरून काढावी लागते.

पहिला फरक वेळेचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. अगदी उजवीकडून आलेल्या हाकेला डाव्या कानापर्यंत पोचायला डोक्याला वळसा घालून वीस-बावीस सेंटीमीटर जास्त चालावं लागतं. त्याला लागणारा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, जवळपास 0.65 मिलिसेकंद. आणि हा झाला सर्वांत मोठा फरक. हाक जवळजवळ समोरून आली तर तो आणखी कितीतरी बारीक होतो. सरावलेल्या माणसाला 10 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लक्षांश भागाचा फरकही जाणवतो. त्यामुळेच समोरचा आवाज साधारण एक अंश सरकला तरी आपल्याला कळतं. दहा मीटरांवर एक अंश म्हणजे वीतभरही नाही!

दुसरा फरक जोराचा. खर्जातल्या आवाजाची लाट लांब असते. 200 हर्ट्झची लाट पावणेदोन मीटरच्या आसपास; ती डोक्याला सहज वळसा घालते, त्यामुळे दोन्ही कानांत जोर जवळजवळ सारखाच. 4,000 हर्ट्झची लाट मात्र साडेआठ सेंटीमीटरची. तिच्यासाठी डोकं म्हणजे भिंतच, आणि पलीकडचा कान चक्क सावलीत जातो. जाड आवाजाला वेळेचा हिशेब आणि बारीक आवाजाला जोराचा, ही विभागणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडली. ती ढोबळमानाने आजही टिकून आहे.

तरी एक घोळ उरतोच. बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, एकाच जोराने मिळतो. मग समोर की मागे? इथे कानाच्या पाळीवरच्या त्या वेड्यावाकड्या वळ्या उपयोगी पडतात. मागून, वरून, खालून येणाऱ्या आवाजातले बारीक स्वर त्या वेगवेगळ्या तऱ्हेने बदलतात, आणि आपापल्या कानांची ही खूण मेंदूने लहानपणापासून गिरवलेली असते. 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी चार जणांच्या कानांत साचे बसवून या वळ्यांचा आकार बदलला. आवाज वरून येतोय की खालून, हे त्यांना लगेच कळेनासं झालं. काही आठवड्यांत नवे कान त्यांच्या अंगवळणी पडले. आणि साचे काढले तेव्हा जुने कान पहिल्या क्षणापासून शाबूत! मला या प्रयोगाचं अजूनही नवल वाटतं.

शिवाय आपण मान हलवतो. मान किंचित वळवली की समोरच्या आवाजाचा फरक एका दिशेने बदलतो आणि मागच्याचा उलट दिशेने. रात्री अंगणात काही वाजलं तर मान तिरकी करून आपण थबकतो. मराठीत त्याला ‘कानोसा घेणे’ म्हणतात, आणि ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनेही शब्द अगदी चोख आहे.

पावसाळ्यात घरात शिरलेला रातकिडा मात्र सगळ्यांना चकवतो. कपाट सरकवा, पलंग उचला, तो सापडत नाही. त्याचा आवाज जवळजवळ एकाच उंच स्वराचा असतो, आणि पाळीच्या खुणा उमटायला पुष्कळ स्वरांची सरमिसळ लागते.

दोन कानांचा याहून मोठा फायदा गर्दीत आहे. सराफ्यात झारे खणखणतात, जिलेबीवाला ओरडतो, बाजूच्या टोळक्यात हशा पिकतो, आणि तरी आपण शेजारच्याचं बोलणं वेगळं काढतो. आवाज वेगवेगळ्या जागी ‘ठेवता’ आले की त्यांतला एक निवडता येतो. प्रयोगशाळेत गोंगाटातला एखादा खर्जाचा स्वर दोन कानांच्या मदतीने सुमारे 15 डेसिबलने हळू असला तरी ऐकू येऊ शकतो. बाबांना हा फायदा मिळत नाही. सगळं एकाच ढिगात, डावीकडे. राजवाड्यापाशी रस्ता ओलांडताना उजवीकडून हॉर्न आला की ते नेमके उजवीकडे सरकतात, कारण त्यांच्या लेखी गाडी डावीकडे असते.

आता उपाय आहेत. बंद कानाकडचा आवाज चांगल्या कानात पोचवणारी यंत्रं मिळतात. त्यांनी बोलणं ऐकू येतं, पण ऐकणारा कान एकच राहिल्यामुळे दिशा कळत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटने, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेल्या यंत्राने, काही जणांना दिशाही थोडीफार परत मिळते, मात्र त्यासाठी वेळेत तपासणी व्हायला हवी. गालगुंड किंवा मेंदूज्वर होऊन गेलेल्या मुलाचे दोन्ही कान वेगवेगळे तपासून घ्या. मूल स्वतःहून सांगणार नाही. त्याच्यासाठी जग असंच असतं. फोन कायम एकाच कानाला लावणं, हाक मारल्यावर भलतीकडे पाहणं, वर्गात गोंगाट झाला की हरवणं, एवढ्यावरूनही संशय यायला हवा.

त्या रात्री आम्ही कोपऱ्यातला बाक धरला. बाबा भिंतीकडे उजवा कान करून बसले, आई डावीकडे. लग्नापासून ती त्यांच्या डावीकडेच चालते, बसते. इतकी वर्षं मी ती त्यांची सवय समजत होते.